हंपी: दोन विदुषींचं एक शहर

निवृत्तीनंतर मी बेंगळुरूला जे. पी. नगरमध्ये स्थायिक झालो. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना हंपी दाखवायला नेतो. साधारण साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास. फौजी माणूस, त्यामुळे सांगायचो ती लढाईच. जानेवारी १५६५. दख्खनचे सुलतान एकत्र आले, रामराया रणात पडला, विजयनगर लुटलं गेलं.

एकदा माझ्या पत्नीची मैत्रीण म्हणाली, "भाऊजी, शहर मेलं कसं ते कळलं. पण जगत कसं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना दोन नावं भेटली. डॉ. अनिला व्हर्गीस मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या प्राचार्या होत्या. डॉ. अ‍ॅना दल्लापिकोला जर्मनीत हायडेलबर्गला भारतीय कला शिकवत. एक मुंबईची, एक युरोपातली. ध्यास मात्र एकच, विजयनगर. १९९८ साली तिथल्या शिल्पांवर दोघींचं संयुक्त पुस्तक आलं. २०११ मध्ये विजयनगरकालीन दक्षिण भारतावरचा मोठा ग्रंथही दोघींनी मिळून संपादित केला. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी मी काय बोलणार? पण तेरा वर्षांच्या अंतरानं दोन नावं पुन्हा एकाच मुखपृष्ठावर येतात, त्याला मी मैत्री म्हणतो. फौजेतही दोस्ती सोबत केलेल्या कामावरूनच ओळखतात.

त्यांनी वाचले ते खांब. कृष्ण, नरसिंह, हनुमान, योगी, नर्तकी: लोक कुणाला पूजत, कशात रमत, हे दगडावर कोरलेलं आहे. व्हर्गीसबाईंनी १९९५ च्या ग्रंथात तिथल्या विठ्ठलभक्तीचाही मागोवा घेतला. आपल्याला हे जवळचं. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विठ्ठलमूर्ती विजयनगरहून पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. आज हंपीच्या विठ्ठल मंदिरात पूजा होत नाही. विरूपाक्ष मंदिरात मात्र अजून होते. म्हणजे शहर पुरतं मेलंच नव्हतं. माझीच गोष्ट अर्धवट होती.

शहर उद्ध्वस्त करायला काही महिने पुरतात. ते समजून घ्यायला दोन विद्वान बायकांची कितीतरी वर्षं लागली.

गेल्या खेपेला मी लढाई शेवटी सांगितली. आधी पत्नी आणि तिची मैत्रीण एका खांबापाशी बसल्या, एकेक आकृती ओळखत. मी पाण्याची बाटली धरून गप्प उभा होतो.

तुम्ही हंपीला गेलात, तर सुरुवात खांबापासून करा. जय हिंद.