कान्हेरगडावरची कोठडी

मैत्रिणींनो, "तुम्ही मूळचे मारवाडचे ना?" हा प्रश्न जळगाव-धुळ्यात आपल्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलाय. पुष्कळ घरं व्यापारासाठी तिकडून आली, हे खरंच. पण जैन धर्म खानदेशात त्याच्या कितीतरी आधी पोचला होता.

चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे. तिथल्या कान्हेरगडाच्या कातळात एक लेणं आहे. लोक त्याला नागार्जुन कोठडी म्हणतात, पण आत विराजमान आहेत तीर्थंकर! लेणं पाहताना वेरूळची जैन लेणी आठवतात. खाली पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा तो लेख. म्हणजे आज जंगल दिसणारी ही दरी तेव्हा विद्येचं ठिकाण होती.

हिवाळ्यात एका दिवसाचा बेत आखा. गौताळा अभयारण्याचा भाग आहे, म्हणून वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या. कातळ तापायच्या आत चढा. उकळलेलं पाणी, खाकरे सोबत असू द्या. चौविहार असेल तर सूर्यास्ताच्या बरंच आधी उतरा.

मुलींना नक्की न्या. पुढच्या वेळी तो प्रश्न आला, की उत्तर त्या देतील.