‘फ्रिक्वेन्सी’ यंत्र घेताना अडॅप्टरही पाहावा

वेदनाशमन, शांत झोप किंवा ‘ऊर्जासंतुलन’ यांसाठी ‘फ्रिक्वेन्सी यंत्र’ या एकाच नावाने विकली जाणारी घरगुती उपकरणे एका जातीची नाहीत. त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य विद्युतस्पंद देणारे टेन्स यंत्र भौतिकोपचारात रूढ आहे. स्पंदित चुंबकीय क्षेत्राच्या उपकरणांना अमेरिकेत १९७९ मध्ये न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी मान्यता मिळाली; मात्र तेवढ्यावरून बाजारातील प्रत्येक चुंबकीय गादीला तो गुण लागत नाही. ७.८३ हर्ट्झचे ‘शुमान’ यंत्र हा तिसरा प्रकार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विनफ्रीड ओटो शुमान यांनी १९५२ मध्ये भूपृष्ठ आणि आयनांबर यांच्यामधील विद्युतचुंबकीय अनुनादाचे भाकीत केले, हे खरे. उशाशी ठेवलेल्या डबीने झोप सुधारते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

जाहिरातीत हर्ट्झचे आकडे दशांशापर्यंत दिलेले असतात. सोबतच्या अडॅप्टरविषयी सहसा एक ओळही नसते. ज्या यंत्राच्या पट्ट्या थेट अंगाला लागतात, त्याच्या बाबतीत खरी सुरक्षितता तेथेच ठरते. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. दोन पिनांच्या नेहमीच्या अडॅप्टरमध्ये विद्युत गोंगाट दाबण्यासाठी उच्च आणि कमी दाबाच्या बाजूंमध्ये एक लहान कपॅसिटर जोडलेला असतो व त्यातून किंचित प्रवाह पाझरतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवरून हात फिरवताना जाणवणारी झिणझिण बहुधा त्याचीच. संगणकासारख्या उपकरणांच्या अशा अडॅप्टरला ०.२५ मिलिअँपिअरपर्यंत स्पर्शप्रवाह चालतो. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ मानकात मात्र ‘बीएफ’ प्रकारासाठी रुग्णाच्या शरीरातून जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा सामान्य स्थितीत ०.१ मिलिअँपिअर आहे. म्हणून हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी ‘व्होल्ट जुळतात’ एवढ्यावर मोबाइलचा चार्जर लावणे चुकीचे. घरातील ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इतक्या अल्प प्रवाहाची दखलही घेत नाही.

सर्वांत सोपा मार्ग बॅटरीवरील यंत्राचा. तेही चार्जिंग चालू असताना अंगाला लावू नये. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अशा वेळी स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींवर जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर गुणगुणतो व तापतो. साइन लहरींचा इन्व्हर्टर बरा. काही विक्रेते ‘शुद्ध विजेचा’ म्हणून महागडा लिनियर अडॅप्टर गळ्यात मारतात. त्याने गोंगाट कमी होईलही, पण निरुपयोगी यंत्र त्यामुळे उपयोगी होत नाही.

खरेदीपूर्वी खोका उलटून पाहावा. एकात एक दोन चौकोन हे दुहेरी विद्युतरोधनाचे चिन्ह, तर चौकटीतील मानवाकृती ‘बीएफ’ संरक्षणाचे. टेन्ससारख्या यंत्रावर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालील उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक शोधावा. ‘वेलनेस’ हा शब्द त्याला पर्याय नव्हे. कर्करोग वा मधुमेह बरा करण्याचा दावा दिसला, तर यंत्र तेथेच ठेवून द्यावे. अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे.

पेसमेकर बसवलेल्यांनी, अपस्माराच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशी यंत्रे वापरू नयेत. टेन्सच्या पट्ट्या गळ्याच्या पुढच्या बाजूस किंवा छातीवर आरपार लावू नयेत.