पोरके बोर्ड

बटण दाबलं की संगणक लगेच शहाणा होतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी त्याला स्वतःची मेमरी कुठे आहे हेही ठाऊक नसतं. मग एक छोटा प्रोग्राम उठतो, मेमरी जागी करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला आणून खुर्चीवर बसवतो आणि बाजूला होतो. याला म्हणायचं बूटलोडर. आमच्या बँकेत हे काम शिपाई करतो. शटर उघडतो, दिवे-पंखे लावतो, टेबलं पुसतो. मग साहेब येतात आणि बँक आपणच चालवतो अशा समजुतीने चहा मागवतात.

यू-बूट हा असाच एक जगभर कामाला असलेला शिपाई. त्याचं मूळ नाव ८एक्सएक्सरॉम, कारण तो मोटोरोलाच्या एमपीसी-८एक्सएक्स घराण्यातल्या चिपसाठी लिहिला होता. वोल्फगांग डेंक या जर्मन गृहस्थांनी तो सोर्सफोर्जवर ठेवायला नेला, तर तिथे आकड्याने सुरू होणारं नाव चालेना! म्हणून झाला पीपीसीबूट. (आमच्या काउंटरला नावं ठेवणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.) पुढे इतर जातीच्या चिपही आल्या आणि २००२ मध्ये यू-बूट हे नाव पडलं. जर्मनांना त्यात पाणबुडीही दिसते.

कारभार सगळा मोकळाढाकळा. कुणीही यावं, आपल्या बोर्डापुरता कोड लिहून सामायिक भांडारात ठेवावा आणि सांभाळणारा म्हणून नाव नोंदवावं. खातं उघडताना उत्साह दांडगा असतो हो. पुढे माणूस नोकरी बदलतो, बोर्ड माळ्यावर जातो, नाव तेवढं रजिस्टरात राहतं. मुळातली रचना बदलायची म्हटली की या शेकडो बोर्डांचा कोडही बदलावा लागतो आणि तो चालतो का हे बघायला कित्येकदा बोर्डच कुणाकडे नसतो. पत्राला उत्तर येत नाही. मग नावापुढे ‘पोरका’ असा शेरा पडतो आणि शेवटी कोड काढून टाकतात.

आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर, २०१४ पासून, रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. हक्क मात्र बुडत नाही. यू-बूटवाल्यांनीही ‘भंगारखाना’ नावाची यादी ठेवली होती. बोर्ड कोणता, चिप कोणती, कधी काढला, शेवटी कोण सांभाळत होतं, सगळं रकान्यांत. जुना कोड इतिहासात शाबूत, हवा त्याने उकरून घ्यावा. कॉमर्सवाल्याला आणखी काय हवं? टाकून देतानाही पावती!

२०१७ च्या जूनमध्ये पाळी आली ती खुद्द ८एक्सएक्सची. त्याला नव्या मांडणीत आणायला कुणी पुढे येईना. काढणाऱ्याने नोंदीतच लिहून ठेवलं की आपण यू-बूटचं मूळ उपटतोय, मन जड झालंय. आमच्या लेजरात असा शेरा मी अजून वाचलेला नाही. कुणी लिहिलाच, तर ऑडिटर त्याचंही व्हाउचर मागेल.

आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सहून हाक आली. तिथल्या एका कंपनीचे बोर्ड याच चिपवर होते! निष्क्रियचा शिक्का वाळायच्या आत खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर हजर होतो, तशातला प्रकार. पण या गृहस्थाने हुज्जत घातली नाही. लागेल तेवढाच भाग इतिहासातून परत आणला, आपला बोर्ड जोडला आणि सांभाळणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. बाकीचे ८एक्सएक्सवाले बोर्ड भंगारखान्यातच राहिले. त्यांच्यासाठी काउंटरवर कुणी आलं नाही.