पहिल्याच भागात कळतं?

परवा नात एका वेब मालिकेचा पहिला भाग पाहून उठली आणि मोबाइलवर तिला दोन तारे देऊन मोकळी झाली. "अगं, पुढचे भाग?" मी विचारलं. "आजी, पहिल्याच भागात कळतं!" मी गप्प बसले. जानेवारी १९८८ मध्ये मीही हेच केलं होतं, आणि तेही वर्गासमोर.

तेव्हा दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' सुरू झाली होती. सुरुवातीलाच ओम पुरीचा नथू एका खोलीत रात्रभर डुकराशी झुंजतो. मुराद अलीनं पाच रुपये देऊन त्याला ते मारायला सांगितलेलं असतं. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. मला ते बघवेना. मी टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात इतिहासाच्या तासाला सांगितलं, "असलं काही पाहू नका, मनं कलुषित होतात." मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "बाई, तुम्ही पूर्ण पाहिलीत?" मी त्याला खाली बसवलं.

त्याच दिवसांत मालिका थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. कारण जवळजवळ माझंच. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय करावं? त्यांनी आधी ती अख्खी मालिका पाहिली! आणि मग स्थगिती उठवली. निरक्षर माणसालाही अक्कल असते, पडद्यावर दिसल्यावर दोन्हीकडच्या माथेफिरूंचा डाव त्याला ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तिथं आपल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाचा, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा, आधार घेतला गेला: परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेनं, जिथंतिथं धोका हुंगणाऱ्याच्या नाही. (मी तेव्हा दुसऱ्या गटात होते, हे उघडच आहे.)

मालिकेवरची इतकी चांगली समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही. ती लिहिणारे समीक्षक नव्हते, एवढंच.

पण अशी मालिका होते कशी? नुसत्या पैशानं नाही. भीष्म साहनी रावळपिंडीचे. १९४७ च्या दंगलींनंतर त्यांनी तिथं मदतकार्य केलं होतं. त्यावर लिहायला मात्र वीसेक वर्षं गेली. १९७० मध्ये आपल्या भिवंडीत दंगल झाली, तिथली जळकी घरं त्यांनी पाहिली आणि रावळपिंडी पुन्हा डोळ्यांसमोर आली. त्यातून कादंबरी. निहलानींचा जन्म कराचीचा, फाळणीत कुटुंबासह इकडे आलेले. कादंबरी त्यांच्या हाती पडली आणि सुमारे पाच तासांची मालिका झाली. 'प्यासा'चे छायालेखक व्ही. के. मूर्ती कॅमेऱ्यामागे होते. म्हाताऱ्या हरनामसिंगाच्या भूमिकेत तर खुद्द साहनी! बायको दीना पाठक.

ते दोघं मजल दरमजल चालत एका दारापाशी येतात. घरातले पुरुष लुटालुटीला गेलेले, आणि त्याच घरातली बाई (सुरेखा सिक्री) त्यांना आत घेते. मी हे पाहिलं ते कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर. सिक्रीच्या चेहऱ्यावरची ती घालमेल पाहताना मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. आता पन्नाशी ओलांडली असेल त्यानं.

असो. नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मग 'तमस' लावूया ना." काल रात्री बसलो दोघी. डुकराचा प्रसंग आला तेव्हा तिनं उशी तोंडावर धरली, रिमोट मात्र माझ्या हातात होता.