टीव्ही कुणाशी बोलत होता?

गोष्ट नोव्हेंबर २०१३ ची, इंग्लंडमधली. एका गृहस्थांनी घरच्या एलजी स्मार्ट टीव्हीतून इंटरनेटवर काय जातंय ते तपासलं. बघतात तर काय, चॅनल बदललं की त्याचं नाव कंपनीच्या सर्व्हरकडे रवाना! तेही उघड्या पोस्टकार्डासारखं. पेनड्राइव्हवरच्या फाइलींची नावंसुद्धा! सेटिंगमध्ये माहिती गोळा करणं 'बंद' केलं, तरी चालूच. मला विचाराल तर खरा दगा त्या 'बंद'चाच. तो पर्याय दिलाच नसता, तर निदान माणूस गाफील तरी राहिला नसता. बोभाटा झाल्यावर कंपनीनं हे मान्य केलं, नवं सॉफ्टवेअर आणलं. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिजिओनं २२ लाख डॉलर मोजले. तिथे १ कोटी १० लाख टीव्ही होते, आणि नोंद सेकंदासेकंदाची.