मुळशीची वीज, गिरणीतील आई आणि एक लाल गोळी

#थ्रेड

१/ मुळशी तालुक्यातील एखाद्या वाडीतल्या गरोदर स्त्रीची आरोग्य केंद्रात नोंद झाली की तिच्या हाती लाल गोळ्यांची पट्टी दिली जाते. त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते. गोळी अगदी स्वस्त. तिचा इतिहास मात्र मुंबईच्या गिरणगावातून जातो, आणि त्या गिरणगावाचा एक धागा पुन्हा मुळशीलाच येऊन मिळतो.

२/ गरोदरपणी कंबर धरते, ओटीपोटात ओढ बसते, जांघा दुखतात, पायांवर सूज येते, चार पावले चढली की धाप लागते. यांतील बरेचसे त्रास बाळंतपणानंतर ओसरतात. त्यामुळे ‘पोटुशीला एवढे व्हायचेच’ असे म्हणण्याची रीत पडली. या रीतीची किंमत मोठी होती. नेहमीच्या तक्रारींच्या गर्दीत लपलेला जीवघेणा रक्तक्षयही तसाच अंगावर काढला गेला.

३/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या नियोजित धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील मावळे सत्याग्रहास उभे राहिले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे नेते. लढा १९२४ पर्यंत चालला. पण धरण झाले आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. ते पाणी घाटाखाली भिरा येथे उतरवून निर्माण केलेली वीज मुंबईकडे निघाली. मुंबईच्या कापडगिरण्या या विजेच्या मोठ्या ग्राहक होत्या.

४/ त्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो स्त्रिया राबत होत्या. गरोदरपणीही काम सोडणे परवडत नसे. काम सुटले की मजुरी बुडे. या प्रश्नावर मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी प्रसूतिलाभाचे विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला.

५/ त्याच १९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. मातामृत्यूंची कारणे शोधण्याच्या कामासाठी डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी तिला बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम सुरू झाले. गरीब स्त्रियांना, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांना, गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होत होता. रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटलेली, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी, असे त्याचे स्वरूप होते.

६/ हा जंतुसंसर्ग असावा का, हे विल्सने आधी तपासले. तसा पुरावा मिळेना. मग तिने या स्त्रियांच्या ताटाकडे लक्ष वळवले. एस. एन. तळपदे यांच्यासह तिने मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि इतर पोषक पदार्थ कमी, त्यांच्यात आजाराचे प्रमाण अधिक, असा तिचा रोख होता.

७/ पुढची पायरी प्रयोगाची. गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार विल्सने आधी उंदरांना आणि नंतर माकडांना दिला. त्यांना रक्तक्षय झाला. यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारू लागले. हा अर्क म्हणजे ‘मार्माइट’, बिअरच्या धंद्यातील उरलेल्या यीस्टपासून बनणारा स्वस्त पदार्थ. तो आजारी स्त्रियांना दिल्यावर त्याही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला.

८/ मार्माइटमधील तो अज्ञात घटक ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तब्बल चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा केला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. काही वर्षांतच लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

९/ भारत सरकारने १९७० मध्ये लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम सुरू केला. आजच्या नियमानुसार गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान १८० दिवस घ्यायची असते. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते.

१०/ तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. औषध सापडून नव्वद वर्षे झाल्यावरचा हा आकडा आहे. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले जेवणाऱ्या बाईचे ताट नुसत्या गोळीने भरत नाही.

११/ मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन गमावली, तेव्हा गिरण्यांना वीज मिळाली. त्या गिरण्यांत राबणाऱ्या आयांच्या रक्ताच्या थेंबांतून जगाला एक औषध मिळाले. आज मुळशीतल्या वाडीवर पोहोचणाऱ्या लाल गोळीत हे दोन्ही हिशेब आहेत. गरोदर स्त्री ‘थकवा येतो, धाप लागते, ओटीपोट दुखते’ असे म्हणाली, तर ‘व्हायचेच’ म्हणण्याआधी तिचे रक्त तपासावे आणि तिच्या ताटात काय पडते तेही पाहावे. विल्सने १९२८ नंतर मुंबईत नेमके हेच केले होते.

(समाप्त)