ब्रेकमधली धूळ

हजार किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १,१२,५०० ज्यूल भरते. ब्रेक दाबल्यावर ही ऊर्जा जाते कुठे? घर्षणाने तिची उष्णता होते. साध्या तपमानाचे साडेतीनशे ग्रॅम पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता असते. ती वारंवार सोसेल असा पदार्थ शोधणे, हा मोटारीच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न होता.

१८८८ मध्ये बर्था बेंझ या जर्मन महिलेने पतीने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत नेली. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा त्यांनी एका मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाडीवाले उतारावर चाकाला जुना बूट दाबून धरतात हे पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकचे अस्तर बनवण्याचा उद्योग सुरू केला. परंतु चामडे आणि कापूस दोन्ही उष्णतेने करपतात. म्हणून १९०८ च्या सुमारास फ्रूड अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळले. हे खनिज तंतुमय आहे. ते सुतासारखे विणता येते, पण जळत नाही.

दरम्यान ब्रेकची रचनाही बदलली. १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक वापरात आणला. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या बाजूवर अस्तर लावलेले दोन ‘शू’ दाबले जातात. पुढे हे ड्रम मागून पत्र्याने बंद होऊ लागले. चिखल-पाणी बाहेर राहिले, पण झिजलेल्या अस्तराची धूळ आत साठू लागली.

ही धूळ काय करते, हे आधी कारखान्यांत कळले. अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ १९२४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे वारल्या, त्या वेळी त्या ३३ वर्षांच्या होत्या. विल्यम कुक या डॉक्टरांना त्यांच्या फुप्फुसांत खनिज कण आढळले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या फुप्फुसांत व्रणासारखे तंतू माजले होते. पुढच्याच वर्षी ब्रिटनने नियम केले, पण ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरते. तोच माल हाताळणारी गॅरेजे त्याबाहेर राहिली. १९६० मध्ये वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतून मेसोथेलिओमा या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. काहींचा खाणीशी संबंध एवढाच, की त्यांचे बालपण तिच्या आसपास गेले होते.

ब्रेकच्या धुळीबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेक लागताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने बहुतेक तंतूंचे फॉर्स्टेराइट या तंतुरहित खनिजात रूपांतर होते. त्यामुळे मेकॅनिकांना धोका नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु थोडे तंतू शिल्लक राहतात, आणि नवे लायनर घासताना तर ते मूळ रूपातच उडतात. रोग दिसायला वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे ठेवण्यास सांगितले, ते यामुळेच.

कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी अ‍ॅम्बॅसडर आज हौसेने जपली जाते. तिच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे धरूनच ड्रम उघडावा. गाडी सपाट जागी उभी करून जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम स्टँड द्यावेत. मागचा ड्रम काढायचा असेल तर मग हँडब्रेक सोडावा. जुन्या ड्रमच्या कडेशी न झिजलेला काठ उरतो आणि त्यात शू अडकतात. म्हणून आधी अ‍ॅडजस्टर सैल करावा. ड्रमला आट्यांची भोके असतील तर त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. निमुळत्या अ‍ॅक्सलवरचा ड्रम पुलरनेच काढावा, आणि अ‍ॅक्सलचा नट दोन-चार आटे तसाच ठेवावा. घट्ट बसलेला ड्रम सुटतो तो एकदम, आणि मोठ्या जोराने.

ड्रम सुटल्यावर हवेच्या नळीने धूळ उडवू नये; कोरडा ब्रश किंवा घरगुती व्हॅक्यूमही नको. साबणाच्या पाण्याची हलकी फवारणी करून ओल्या फडक्याने पुसावे आणि फडके ओले असतानाच पिशवीत बांधावे. नाकावरचा रुमाल हे तंतू अडवत नाही. त्यासाठी सूक्ष्म कण गाळणारा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत.

आपले काही विद्यार्थी दहावीनंतर गॅरेजात काम शिकायला जातात. सोळाव्या वर्षी त्यांच्या हाती सहसा हवेची नळीच दिली जाते. घर्षणाचा पाठ शिकवताना ही धूळही शिकवावी.